पाय ठेवून परतलेले

माझ्या लेखी श्रद्धेची एकच कसोटी होती: क्रूस. वसईत वाढलेल्याला ती वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्याच मातीतला गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधल्या नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला, 1862 मध्ये संत झाला. वसईजवळच्या गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. त्यामुळे त्याच जपानात जिवाच्या भीतीने येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत ठरलेलं होतं. पळपुटे! शूसाकू एन्डोंची ‘सायलेन्स’ ही अशाच माणसांवरची कादंबरी वाचून तर मी चिडलोच. लेखकाला भित्र्यांचाच पुळका, असं चारचौघांत म्हणतही असे.

आता म्हणत नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये चर्च बंद झालं. ईस्टरची मिस्सासुद्धा मोबाइलवर. मला तो प्रकार पोरखेळ वाटायचा. आई मात्र मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि शुभवर्तमान सुरू झालं की डोक्यावर पदर घेऊन कुकरशेजारी उभी राहायची. मी बसलेला दिसलो की म्हणायची, “ऊठ. फादर वाचतायत ना!” संध्याकाळी जपमाळही तीच सांगायची. ख्रिस्तप्रसाद नाही, कुमसार नाही, तरी तिचा एक दिवस चुकला नाही. मी, कसोट्या लावणारा, दोन महिन्यांत प्रार्थनेला टाळाटाळ करू लागलो होतो.

त्याच दिवसांत, प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्या त्या लोकांबद्दल, नागासाकीजवळच्या उराकामीच्या शेतकऱ्यांबद्दल, पुन्हा वाचायला घेतलं. 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. 1644 मध्ये शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं मिस्सा नाही. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमारास अधिकारी प्रतिमा घेऊन यायचे. गावकरी तिच्यावर पाय ठेवायचे, घरी यायचे आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. ‘कोंचिरिसान’ म्हणत तिला. धर्मगुरू नसला तरी मनापासून पश्चात्ताप केला तर क्षमा मिळते, हे त्यांना 1603 च्या एका पुस्तिकेने शिकवलं होतं. बाळांचा स्नानसंस्कार गावातलाच एक जाणता माणूस करायचा. लॅटिन प्रार्थना तोंडोतोंडी जाता जाता इतक्या बदलल्या की कित्येक शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यालाच लागेना. तरी म्हणत राहिले. बौद्धांच्या कान्नोन देवीच्या मूर्तीपुढे हात जोडून मनात मारियेला भजत राहिले.

17 मार्च 1865 रोजी त्यांच्यातले काहीजण नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये आले. तुमचं आमचं मन एकच, असं एका बाईने तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांच्या कानाशी सांगितलं आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. पुढे याच ‘पळपुट्यां’च्या वंशजांनी उघडपणे श्रद्धा कबूल केली. तीन हजारांहून अधिक जणांना हद्दपार केलं गेलं, सहाशेंहून अधिक मेले. बंदी उठली ती 1873 मध्ये.

गोन्सालोचं मोठेपण यातून तसूभरही कमी होत नाही. प्रतिमेवर पाय ठेवणं योग्य होतं, असंही मी म्हणणार नाही; ते गावकरी स्वतःच त्याबद्दल क्षमा मागत होते. पण सगळेच क्रुसावर गेले असते, तर 1865 मध्ये त्या दारात यायला कोण उरलं असतं?

गासच्या सणाला गोन्सालोचं नाव घ्याल तेव्हा उराकामीच्या त्या लोकांसाठीही एक प्रार्थना म्हणा.