पायऱ्यांचे शिवार

परभणीच्या माणसाला शेत म्हटले की डोळ्यांपुढे येते ती काळीभोर, सपाट जमीन. ज्वारी, कापूस, अलीकडे सोयाबीन. डोंगर म्हणून पाहुण्याला दाखवायच्या त्या जिंतूरकडच्या टेकड्या. पन्नाशी उलटली तरी भाताची लावणी मी पाहिली नव्हती. म्हणून गेल्या आषाढात मनमाड, नाशिक, घोटी असे करीत अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जाऊन पोचलो.

शेंडीहून रतनवाडीच्या वाटेला लागलो आणि पावसाने जरा उघडीप दिली. महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १६४६ मीटरचे कळसूबाईचे शिखर ढगांत बुडालेले. खाली मात्र अख्खी उतरण पायऱ्यापायऱ्यांची! एकेक पायरी म्हणजे एकेक खाचर. वरच्याचे पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. उन्हाळ्यात शेण नि पालापाचोळा जाळून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यात बी टाकायचे, रोपे वाढली की उपटून चिखलात लावायची. कंबर मोडणारे काम. पण लावणाऱ्या बायांच्या गप्पा काही थांबत नव्हत्या.

एक म्हातारे गृहस्थ फावड्याने बांध लिंपीत होते. मी अगदी परभणीच्या पद्धतीने विचारले, "बाबा, हा बांध कुणाचा? वरच्याचा की खालच्याचा?"

ते हसले. "पाव्हणं, बांध पान्याचा! ह्यो फुटला का खालच्या समद्यांचं रान वाहून जाईल. ज्याला दिसंल त्यानं लिंपायचा."

मी गप्प झालो. आमच्याकडे बांध कोरतात! हातभर जमिनीसाठी माझ्या चुलतभावाशी माझा नऊ वर्षे दावा चालू आहे.

फिलिपाइन्समध्ये इफुगाव नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या भाताच्या पायऱ्यांना युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा म्हटले. पण तरुण माणसे शहराकडे गेली, बांध ढासळू लागले, आणि २००१ मध्ये तो वारसा धोक्याच्या यादीत गेला. पुष्कळ डागडुजी झाल्यावर २०१२ मध्ये तो यादीतून बाहेर आला. इथल्या बाबांचाही एक मुलगा नाशिकला कारखान्यात, दुसरा मुंबईला. "लावणीला येत्यात," बाबा म्हणाले, आणि पुन्हा फावडे उचलले. बांध नुसत्या दगडमातीवर उभा राहत नाही, हे मला त्या फावड्याने शिकवले.

परत आलो त्याच संध्याकाळी चुलतभावाच्या ओसरीवर गेलो. नऊ वर्षांत त्या पायऱ्या चढलो नव्हतो. म्हणालो, "आबा, आता मोजणी नको. तुम्ही म्हणाल तिथे दगड रोवू."

आबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, "चहा टाका गं, दोन कप."

दावा अजून मिटायचा आहे. पण यंदा फराळाचे ताट त्या घरून आले आहे.