पाणी बेताचं

आमच्या डोंबिवलीच्या घरी भाज्यांचे डोसे रविवारी होतात, पण त्यांची सुरुवात शनिवारी दुपारीच होते. दोन वाट्या उकडे तांदूळ आणि एक वाटी कोलम एका पातेल्यात, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या दुसऱ्यात. दोन्ही वेगळं भिजवायचं, कारण डाळ लोण्यासारखी वाटली जावी लागते आणि तांदूळ जरासे रवाळ राहावे लागतात.

सासूबाई कुडाळच्या. त्यांचा हात आंबोळीवर बसलेला. त्या कुठलंच प्रमाण सांगत नाहीत, फक्त वाटताना शेजारी उभ्या राहून म्हणतात, "पाणी बेतान घाल गो." सुरुवातीला मला ही नुसती सवय वाटायची. आता कळतं, की डोशाचं सगळं गणित त्या एका वाक्यात आहे.

डाळ वाटताना मी फ्रिजमधलं पाणी थोडं थोडं घालते. मिक्सर तापला की पीठही तापतं, म्हणून मधेमधे थांबायचं. वाटण झालंय का, हे बघायला त्याचा एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकते. तो तरंगला की डाळ झाली. मग तांदूळ वाटून दोन्ही पिठं हाताने कालवायची. आंबवायला सोडा नको की दही नको. उडदावरचे जिवाणू ते काम करतात, त्यातून वायू तयार होतो आणि उडदाच्या चिकटपणात तो अडकून राहतो. पीठ पातळ झालं तर वायू निसटतो आणि पीठ पातेल्यात बसून राहतं. मे महिन्यात रात्री ठेवलेलं पीठ पहाटे झाकण वर उचलतं. जानेवारीत मात्र पातेलं बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवावं लागतं आणि मीठही सकाळीच घालायचं, कारण मिठाने आंबणं मंदावतं.

सकाळी भाज्या. गाजर, कोबी, सिमला मिरची, कांदा, कोथिंबीर. टोमॅटो नाही, काकडी तर नाहीच. गाजर किसलं की त्याचा रस सुटतो, म्हणून मी ते सुरीने अगदी बारीक चिरते. मीठ लावायला हात गेला, की मागून आवाज येतोच, "मीठ आदी घालू नको गो, पाणी सुटतलां." भाज्या कोरड्याच ठेवायच्या. तिखट-मिठाची जबाबदारी पिठावर आणि चटणीवर.

चटणीत नारळ, मूठभर पंढरपुरी डाळं, हिरवी मिरची, आलं आणि चिंचेचं बोटुक. पहिला फेरा पाण्याशिवाय फिरवायचा, मगच थोडं थोडं पाणी. डाळं घातलं नाही तर थोड्या वेळाने खोबरं एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं. डाळं ते पाणी धरून ठेवतं. वरून मोहरी, उडीद डाळ, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी. मुंबईकडच्या उकाड्यात ओल्या नारळाची चटणी लवकर खराब होते, त्यामुळे त्या वेळेला लागेल तेवढीच वाटते.

तव्याची गोष्ट मी माटुंग्याला शिकले. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० पासूनचं. तिकडच्या उडुपी हॉटेलांमध्ये डोसेवाला तापलेल्या तव्यावर पाणी मारून हिरांच्या झाडणीने तवा झाडतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तवा धुण्यासाठी ते नसतं. फार तापलेल्या तव्यावर पीठ जागच्या जागी धरतं, डावाला चिकटून गोळा होतं. पाण्याने तवा क्षणभर निवतो आणि पीठ गोल फिरतं. घरी माझ्याकडे बिडाचा तवा आणि अर्धा कांदा आहे. तेलात बुडवलेला कांदा फिरवायचा, पाण्याचा हबका मारायचा, पुसायचं, आणि मधोमध डावभर पीठ.

पीठ वरून ओलं असतानाच भाज्या भुरभुरवायच्या आणि उलथन्याने हलक्या दाबायच्या. वर कोरड पडली की भाजी धरत नाही, उलटताना निम्मी तव्यावर सांडते. कडेने तेल सोडून आच मध्यम करायची. कडा सुटल्या की एकदाच उलटायचं आणि भाज्या तव्याला लागल्या की लगेच काढायचं. जास्त ठेवलं तर कांदा करपतो आणि कोबी मऊ पडतो. भाज्या कच्च्या-पक्क्या असतात तेव्हाच हा डोसा साध्या डोशाहून वेगळा लागतो.

डोसा ताटात पडला की लगेच खायचा, नाहीतर वाफेने मऊ पडतो. त्यामुळे करणारी शेवटी खाते, असं आमच्याकडे बरीच वर्षं चाललं. आता नियम बदललाय. शेवटचे दोन डोसे नवरा घालतो आणि सासूबाई आणि मी आधी बसतो. त्याचे डोसे गोल होत नाहीत, पण सासूबाई निमूट खातात. उरलेलं पीठ फ्रिजमध्ये जातं. सोमवारी त्याची जाड आंबोळी होते, काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याबरोबर. ती मात्र त्याच घालतात, आणि तेव्हा पाणी किती, हे विचारायची माझी पाळी असते.