फाळ, चाळण आणि जू

प्रौढ माणसाच्या कवटीत २२ हाडं असतात. त्यांतली ८ मेंदूभोवतीची, १४ चेहऱ्याची. त्यांची नावं विद्यार्थी घोकून पाठ करतो, आणि डॉक्टर झाल्यावर तशीच्या तशी पेशंटच्या नातेवाइकांपुढे ठेवतो. ‘झायगोमा फ्रॅक्चर आहे’ एवढं सांगितलं की सांगण्याचं काम झालं, असं आमच्या व्यवसायात अनेकांना वाटतं. मला ते मान्य नाही. ही नावं परकी आहेत ती कानाला. त्यांचे अर्थ शेतकऱ्याच्या, लोहाराच्या, घोडेस्वाराच्या घरातले आहेत. नाकाच्या पडद्याच्या मागच्या भागातल्या पातळ हाडाला व्होमर म्हणतात, आणि लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. झायगोमा हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ जू. एथमॉइड म्हणजे चाळणीसारखं. कानातल्या तीन इवल्या हाडांची नावं हातोडा, ऐरण आणि रिकीब अशीच आहेत. पिट्युटरी ग्रंथी कवटीच्या तळाशी ज्या खळग्यात बसते, त्याला तर चक्क तुर्की खोगीर म्हटलंय. आमच्या भिंगारच्या लष्करी छावणीत आज रणगाड्यांचं शिक्षण चालतं, पण त्या दलाची वंशावळ घोडदळापर्यंत जाते, आणि गावाची शीव ओलांडली की शेतंच लागतात. खोगीर, रिकीब, फाळ हे शब्द इथे कुणाला शिकवावे लागत नाहीत.

मग आपल्याकडची संस्कृत नावं का वापरू नयेत, असं कुणी विचारेल. गणनाथ सेन यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’सारख्या ग्रंथांनी रूढ केलेली ती नावं आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ग्रीकांनी स्फेनॉइड हाडात पाचर पाहिली. संस्कृत नाव देणाऱ्याने त्याचे पसरलेले पंख पाहून त्याला जतुक, म्हणजे वटवाघूळ म्हटलं. हाड हातात धरून पाहणाऱ्यालाच हे सुचतं. व्होमरला सीरिका म्हणतानाही त्याने ‘सीर’ म्हणजे नांगर डोळ्यांपुढे ठेवला होता. पण पाथर्डी रस्त्यावरच्या शेतकऱ्याच्या तोंडी सीर नाही, फाळ आहे. चित्र तेच राहिलं आणि ऐकणारा मात्र तिथून उठून गेला. मराठीत आणायचं ते चित्र, शब्द नव्हे.

याचा उपयोग बोलणं गोड करण्यापुरता नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत राहिलं, तर घरच्यांना ती सर्दी वाटते आणि ते त्याला नाक शिंकरायला सांगतात. एथमॉइडच्या वरच्या बाजूला भोकाभोकांची एक पातळ पट्टी असते. वासाच्या नसांचे धागे तिच्यातून नाकात उतरतात. ती फुटली की मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपू शकतं, आणि जोराने शिंकरल्यास हवा व जंतू वर ढकलले जाऊ शकतात. ‘मेंदूखालची चाळण फुटली असेल, नाक शिंकरू नका’ या एका वाक्यात सूचना आणि तिचं कारण दोन्ही आलं. कारण कळलेली सूचना घरी पाळली जाते. गालाच्या हाडाचंही असंच. गाल आणि कानशील यांना सांधणारी कमान आत दबली, की जबडा धड असूनही तोंड उघडत नाही, आणि पेशंट जबड्याचाच फोटो पुन्हा काढायला सांगतो. दबलेलं जू खालच्या जबड्याच्या टोकाला आणि स्नायूला अडवतंय, हे सांगितलं की त्याची शंका तिथेच मिटते.

उपमा फसवी असते, हा आक्षेप खरा आहे. मोडलेलं जू सुतार बदलतो, हाड तसं बदलत नाही. म्हणून चित्र कुठे थांबतं तेही सांगायला हवं. नव्या पिढीने जू पाहिलंय कुठे, हाही प्रश्न योग्य. ट्रॅक्टरच्या नांगरालाही फाळ असतो, पण जू पोळ्यापुरतंच उरत चाललंय. उद्या दुसरं चित्र शोधावं लागेल, तर शोधू. केसपेपरवर आणि पोलिसांसाठीच्या दाखल्यावर मात्र आंतरराष्ट्रीय नावच हवं. एकाच अवयवाला अनेक नावं पडून गोंधळ झाला, म्हणूनच १८९५ मध्ये बाझलला शरीररचनातज्ज्ञांनी नावांची एक यादी ठरवली. त्या शिस्तीला हात लावण्याचं कारण नाही.

आणि घरचा शब्द आहे म्हणून तो निर्धोक, असंही नाही. टाळू हा शब्द घ्या. बाळंतीण आणि आजी तेल घालून जी भरतात, ती डोक्यावरची टाळू. साधारण दीड वर्षाच्या आसपास ती बुजते. जुलाब झालेल्या बाळाची ती खोल गेली, तर आजीच्या बोटांना ते आधी कळतं. पण तोंडाच्या छतालाही मराठीत टाळूच म्हणतात. ‘बाळाची टाळू दुभंगलेली आहे’ हे वाक्य ऐकून आई बाळाच्या तोंडात न पाहता त्याच्या डोक्यावर हात ठेवेल. तिथे ‘तोंडातली’ हा एक शब्द आधी म्हणायचा, आणि मग बाळाचं तोंड उघडून तिला दाखवायचं.