संगणकातला सूर्य

संगणकाला डोळे नसतात. बाहेर रणरणतं ऊन आहे की मध्यरात्र, हे त्याला आपणच सांगावं लागतं. इमारत किती तापेल याचं गणित करणारी सॉफ्टवेअर असतात. भिंती, खिडक्या, छप्पर असं सगळं भरून झालं, की ती विचारतात : गाव कुठलं? तारीख कुठली? वाजले किती? एवढ्यावरून सूर्य आकाशात नेमका कुठे, हे ती शोधून काढतात.

माझं काम याच गणितांचं. पुण्यातल्या एका शाळेचे वरच्या मजल्यावरचे वर्ग उन्हाळ्यात भट्टीसारखे तापायचे. पैसे मात्र एकाच बाजूच्या खिडक्यांना पुरतील एवढे. मग पूर्वेच्या झाकायच्या की पश्चिमेच्या?

मोठ्या बाई म्हणाल्या, "२१ जून घाला. सर्वांत मोठा दिवस!" पण पुण्यात तोवर ढग दाटू लागतात, खरा उन्हाळा एप्रिल-मेचा. (आणि गंमत म्हणजे, २१ जूनला भरदुपारी पुण्यात सूर्य डोक्याच्या पाच अंश उत्तरेला असतो!) म्हणून १५ एप्रिल ठरली. तारीख भरतानाही जपावं लागतं हं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. आपला ५/४ म्हणजे ५ एप्रिल, त्यांचा ४ मे!

मग वेळ. घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. साऱ्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला, आणि एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. त्यामुळे १५ एप्रिलला पुण्याचा सूर्य सर्वांत उंच चढतो तो १२ वाजून ३५ मिनिटांनी. हीही वेळ पक्की नाही बरं का! नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१८ होते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४९.

"दुपारचे तीन घालू या, तेव्हा उकाडा जास्त," असं एक शिक्षक म्हणाले. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, एप्रिलमध्ये आपली शाळा सकाळची असते ना? तीन वाजता आम्ही घरी असतो!"

खरंच की! रिकाम्या वर्गाच्या उकाड्याचं गणित कशाला करायचं? मग सकाळची साडेआठची वेळ घातली. सूर्य अगदी पूर्वेला, क्षितिजापासून ३० अंशांवर. खिडकीवर दोन फुटी छज्जा होता, पण त्याची सावली उतरत होती जेमतेम सव्वा फूट. खालचं सारं ऊन थेट बाकांवर. पश्चिमेच्या खिडक्यांवर तेव्हा उन्हाचा पत्ताच नव्हता.

पूर्वेला बांबूचे पडदे लागले, तेही बाहेरून. एकदा काचेतून आत शिरलेली उष्णता आतल्या पडद्याने फारशी परत जात नाही.

पुण्यात राहत असाल तर १३-१४ मेच्या सुमारास अंगणात एक काठी अगदी सरळ उभी करा आणि १२ वाजून ३१ मिनिटांनी तिची सावली शोधा बघू!