पाच सेकंदांचं यंत्र

मूर्तिजापूरच्या काळ्या रानात मोजणी करणारा एक खासगी सर्व्हेअर रात्री वहीत हिशेब मांडतो. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, दोन सेकंदांचं घ्यावं की पाच? पाच सेकंदांची कोनचूक 200 मीटरवर जेमतेम 5 मिलिमीटर भरते. दोन भावांमधल्या धुऱ्याला तेवढं पुरेसं आहे. वरचे पैसे कशाला घालायचे?

खरी धास्ती मातीची.

ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिपाईचा पाय खचला, की महागडं यंत्रही चुकतं. जुनं यंत्र घ्यायचं, तर दोन्ही फेसवर, म्हणजे दुर्बीण सरळ आणि उलटी करून, एकच खूण वाचायची, कॅलिब्रेशनचा दाखला मागायचा, बॅटरी दिवसभर टिकते का ते बघायचं. दुरुस्ती अकोल्यात होईल का, हेही त्यानं अधोरेखित केलंय.

घेण्याआधी, सोमवारी तो यंत्र शेतात नेऊन 30 मीटरचं अंतर पोलादी टेपनं ताडून पाहणार आहे.