जनरल वाचणार हे माहीत असूनही

फ्रेडरिक फोर्साइथचं एकही पुस्तक मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाचलेलं नव्हतं, आणि हे मी जरा मिरवूनच सांगत असे. घरात त्याची पुस्तकं नव्हती असं नाही. बाबांच्या कपाटातला एक अख्खा कप्पा त्याचा होता. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेल्या, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या, पावसाळ्यात फुगलेल्या प्रती. बाबा बँकेत होते. डोंबिवली ते व्हीटी, बसायला मिळालं तर बसून, नाहीतर एका हाताने कडी धरून ते हीच पुस्तकं वाचत.

मी एम.ए.ला मराठी घेतलं, ‘कोसला’ उशाशी घेऊन झोपायला लागले, आणि एकदा जेवताना त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही असलं कसं वाचता? नुसत्या बंदुका. यात माणूस कुठे असतो?”

“मला कुठे परीक्षा द्यायचीय?” ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर पुस्तकांचा विषय काढला नाही. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा काचबिंदूने आधीच अधू. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला, आणि तो पडद्याला नीट दाबून धरेल म्हणून आठ दिवस पालथं राहायला सांगितलं. जेवताना उठायचं, तेही मान खाली घालूनच. पुढे दिसेल किती, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उशीतून आवाज आला, “जॅकल काढ. वाचून दाखव.”

“श्याम मनोहर आणू का?”

“या अवस्थेत?”

तर ‘द डे ऑफ द जॅकल’ मी बाबांच्या मानेला वाचून दाखवलं.

पुस्तक १९७१चं. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिलं म्हणून चवताळलेली ओएएस ही गुप्त संघटना फ्रान्सच्या अध्यक्षांना, जनरल द गॉलना, संपवायला भाडोत्री मारेकरी नेमते, ही गोष्ट. सुरुवात खऱ्या घटनेपासून होते. ऑगस्ट १९६२मध्ये पॅरिसजवळ द गॉलच्या गाडीवर खरोखरच गोळीबार झाला होता, आणि त्या कटाच्या सूत्रधाराला पुढच्या मार्चमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. फोर्साइथ त्या काळात रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्येच होता. पुढे हातात काम नव्हतं तेव्हा, १९७०च्या सुरुवातीला, त्याने पस्तीस दिवसांत ही कादंबरी टाइप केली. प्रकाशकांनी ती परत पाठवली. कारण साधं होतं : द गॉल जिवंत आहेत हे जगाला माहीत आहे, मग वाचक पानं उलटेल कशाला? (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते घरीच गेले.)

माझा आक्षेपही तोच होता. जनरल वाचणार हे आधीच ठाऊक, मग उरलं काय?

उरलं ते सगळं कागदपत्रांत. हे मला फार उशिरा, साधारण शंभराव्या पानावर, कळलं. मारेकरी इंग्लंडमधल्या खेड्यांच्या दफनभूमीत हिंडतो, लहानपणी वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्याच्या जन्माचा दाखला काढतो आणि त्यावर पासपोर्ट मिळवतो. पळवाट अगदी खरी होती. समोर क्लोद लबेल, छोट्या चणीचा, घरी बायकोची बोलणी खाणारा पोलिस अधिकारी. तो पिस्तूल नाचवत नाही. फोन करतो, अर्ज चाळायला लावतो, हॉटेलांत उतरणाऱ्यांनी भरलेली कार्डं रोज रात्री गोळा करायला लावतो. माणूस पुढे, कागद त्याच्यामागे एक दिवस उशिरा.

“थांब,” बाबा म्हणायचे, “आता हॉटेलची कार्डं येतील. तिथे भरभर वाचू नकोस.”

चौतीस वर्षं त्यांनी सह्या पडताळल्या. एकदा एका ड्राफ्टवरची सही त्यांना पटली नव्हती. साहेबांचं ऐकलं नाही, संध्याकाळपर्यंत नमुन्याची कार्डं काढून बसले. ते प्रकरण खोटं निघालं. ही गोष्ट त्यांनी मला पालथं पडून सांगितली. तोवर मी ती कधी विचारलीच नव्हती.

पुस्तक मला सगळं आवडलं असं नाही. बायका यात एकतर जाळ्यातलं आमिष, नाहीतर वाटेतला अडथळा. सरदारकन्येच्या ऐटीत वावरणाऱ्या त्या बॅरोनेसला ज्या थंडपणे निकालात काढलंय, ते वाचताना मी थांबले. बाबाही काही बोलले नाहीत. भाषा तर पंचनाम्याची. पण आर्देनच्या जंगलात झाडाला खरबूज टांगून मारेकरी बंदुकीचा नेम जुळवतो, तिथे एक स्क्रू किती फिरवला हे मी श्वास रोखून वाचलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. विशेषणांवर मी वर्गात तासन्‌तास बोलते. तिथे एकही लागलं नव्हतं.

पाचव्या रात्री ते झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून मी पुढची साठ पानं वाचली. सकाळी साळसूदपणे खुणेपासून सुरुवात केली. दोन पानं झाली असतील.

“पुढे वाचलंस ना?”

“नाही.”

“आवाजाला घाई झालीय.”

आठव्या दिवशी मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा जिरायचा होता. त्यांना सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलताना दिसत होतं. खिडकी कळत होती, माझा चेहरा नाही. मोठा टाइप समोर धरला तर त्यांनी बोटाने बाजूला केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “दुसऱ्या कप्प्यात डावीकडे ‘ओडेसा फाइल’ असेल. आणि या वेळी माझ्यापुढे जाऊ नकोस.”