उसनी सांडशी

स्वयंपाकघरात नक्की काय काय लागतं, ह्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याच्या लग्नाला किती वर्षं झाली ह्यावर अवलंबून असतं. लग्न न झालेल्याला एक पातेलं आणि एक चमचा पुरतो. नव्याने लग्न झालेल्याला दोन कप आणि एक खिडकी पुरते. दहा वर्षं झाली, की पुण्याच्या बोहरी आळीतलं अख्खं दुकान उचलून आणलं तरी 'ह्या घरात धड एक झारा नाही' हे वाक्य कानांवर पडतं. आणि चाळीस वर्षं उलटली, की माळ्यावर इतकी भांडी साठतात की घर त्यांचं आहे आणि आपण तिथे भाड्याने राहतो, असं वाटायला लागतं.

हा विषय निघाला तो आमच्या नातवामुळे. त्याला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने दोन इंजिनियर मित्रांबरोबर आळंदीला जागा घेतली.

"आळंदीला?" मी आणि आमची ही एकदमच ओरडलो.

"लांब नाही हो आजोबा. तिथून चाकण जवळ पडतं आणि भाडंही पुण्यापेक्षा कमी आहे."

त्याला काय ठाऊक, की १९७९ साली त्याच्या आजोबांनी ह्याच कारणासाठी ह्याच गावात खोली घेतली होती. फक्त चाकणच्या जागी भोसरी होती आणि मोटारसायकलच्या जागी सायकल.

"मला फक्त सामानाची एक यादी करून द्या," तो म्हणाला. यादी म्हटल्यावर माझ्या अंगात उत्साह संचारला. भोसरीच्या कारखान्यात माझा सगळा जन्म स्टोअर्समध्ये गेला. कुठल्या खणात कुठल्या मापाचा नट आहे, हे मी झोपेत सांगत असे. अर्ध्या तासात मी एकतीस वस्तूंची यादी केली आणि मंजुरीसाठी हिच्यापुढे ठेवली. ही प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली आहे. माझा कुठलाही कागद हिच्या हातातून तांबडी शाई लागल्याशिवाय परत आलेला मला आठवत नाही.

"कुकर पाच लिटरचा कशाला? तीन पोरांना तीन लिटरचा पुरे. मोठा दिलात तर एकदा भात लावून तीन दिवस खातील." खोडलं.

"विळी? त्यांना जमिनीवर बसता येत नाही. एक बरी सुरी द्या आणि एक लाकडी फळी." खोडलं.

"पोळपाट-लाटणं आत्ता नको. आधी महिनाभर खिचडी, पिठलं आणि उप्पीट जमू दे. त्याला एक जाड बुडाची कढई लागते, ती तुम्ही लिहिलीच नाहीत!"

नातू म्हणाला, "कढईची गरज नाही आजी. आमच्याकडे एअर फ्रायर आहे."

"म्हणजे त्यात तळतात?"

"नाही, त्यात तळत नाहीत."

"मग त्याला फ्रायर का म्हणतात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर अभियांत्रिकीच्या चार वर्षांत त्याला कोणी शिकवलेलं नसावं. यादी एकतीसवरून अकरावर आली. कुकर, कढई, दोन पातेली, लोखंडी तवा, सुरी, डाव, मिसळणाचा डबा, चहाची गाळणी वगैरे. मग हिने कागदाच्या अगदी वर, पहिल्या क्रमांकाच्याही डोक्यावर, एक शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. सांडशी.

आणि माझ्याकडे पाहून हसली.

ते हसू समजायला १९७९ सालच्या हिवाळ्यात जायला हवं. मी रत्नागिरीकडचा, ही जळगाव जिल्ह्यातली. जाती वेगळ्या. दोन्ही घरांची तोंडं एकमेकांविरुद्ध दिशांना. पण हे लग्न होता कामा नये, ह्या एका मुद्द्यावर दोन्हीकडच्या मंडळींचं इतकं एकमत झालं, की तेवढ्या एकमतावर खरं तर चार लग्नं झाली असती. हल्ली घरच्यांची मर्जी नसली की जोडपी लग्न लावायला आळंदी गाठतात आणि लावून परत जातात. आम्ही लग्न पुण्यात नोंदवलं आणि आळंदी गाठली ती खोली स्वस्त होती म्हणून.

आपल्याकडे लग्नात भांडी येतात आणि त्यांच्यावर नावं घातलेली असतात. आमच्या भांड्यांवर कोणी नावं घातली नाहीत, कारण भांडीच आली नाहीत. आम्हांला नावं मात्र सगळ्यांनी ठेवली.

तेव्हाही मी यादी केली होती. कार्तिकीची यात्रा उलगून गेली होती, पण काही दुकानं अजून रेंगाळत होती. तिथून तवा, उलथणं आणि डाव घेतला. वातींचा एक नूतन स्टोव्ह, ॲल्युमिनियमची दोन पातेली, दोन ताटं, एक बादली. गॅसचा प्रश्नच नव्हता. त्या काळी गॅससाठी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. आमचा नंबर लागला तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती.

प्रदक्षिणा रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात, माडीवर आमची खोली. पहिल्या संध्याकाळी हिने दूध तापत ठेवलं आणि आम्ही दोघं खिडकीतून आळंदी बघत बसलो. दुधाला तेवढंच हवं होतं. ते वर आलं. ही धावली, मी धावलो. पातेलं उतरवायचं कशानं? हिने माझ्याकडे पाहिलं, मी यादीकडे पाहिलं. आठ फुटी कपाटातला वॉशर डोळे मिटून काढणारा स्टोअरकीपर सांडशी विसरला होता. मी लग्नातला नवा रुमाल काढला आणि पातेलं धरलं. रुमालाच्या टोकाला वात लागली, मी हात सोडला, दूध स्टोव्हवर पडलं आणि आमच्या संसारातली पहिली आग आमच्याच दुधाने विझली.

दार वाजलं. खाली राहणाऱ्या माई उभ्या होत्या. वाडा त्यांचा. नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात तुळशीची माळ. एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात दूध घातलेलं एक पितळी पातेलं.

"दूध जळल्याचा वास आला. सांडशी न्हाई व्हय?" एवढंच म्हणाल्या. नवीन माणूस दिसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'आडनाव काय?' त्या प्रश्नासाठी आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. माईंनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलासा का?"

त्या पातेल्याच्या काठावर नाव होतं. 'कै.' असं लिहून माईंच्या यजमानांचं आणि पुढे 'यांच्या स्मरणार्थ'. सांडशी मी दुसऱ्या दिवशी विकत आणली आणि माईंची माईंना दिली. पण पातेलं रिकामं कसं परत द्यायचं? हिने त्यात चार लाडू घालून दिलं. माईंनाही तीच रीत ठाऊक. संध्याकाळी पातेलं भोपळ्याची भाजी घेऊन वर आलं. ते आम्ही पोहे घालून खाली पाठवलं. अशी त्या पातेल्याची वारी सुरू झाली.

१९८० च्या उन्हाळ्यात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खानदेशात तो लेकीबाळींनी माहेरी येण्याचा, झोके घेण्याचा सण. हिला कोणी बोलावणार नव्हतं. ही काही बोलली नाही. दुपारी भाजी निवडता निवडता फक्त म्हणाली, "आज आमच्याकडे खापरावरचे मांडे असतील."

माझ्या आईच्या मते नारळ खवायची विळी नसलेलं घर म्हणजे धर्मशाळा. हिच्या माहेरी तो मान खापराला. चुलीवर हे मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, आत लाकडांचा जाळ, आणि पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढी, मग टॉवेलाएवढी करून त्याच्यावर टाकायची. आमच्याकडे चूल नव्हती आणि खापरही नव्हतं.

हे माईंच्या कानांवर कसं गेलं कोण जाणे. त्या उठल्या, पायांत वहाणा सरकवल्या आणि कुंभाराकडे निघाल्या. उन्हाळा, कुंभार माठांच्या गडबडीत. असलं खापर इथे कोणी मागत नाही, म्हणू लागला. माईंनी त्याच्याकडची सगळी मडकी उलटी करून बघितली, त्यांतलं रुंद पोटाचं एक उचललं आणि डोक्यावर घेऊन आल्या. मी म्हटलं, "माई, एवढ्या उन्हात कशाला?"

"आरं, मुक्ताबाईला ह्या गावात कुणी खापर दिलं न्हाई. ते बोलणं गावाला अजून लागतंय. दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं."

ती कथा कोणाला ठाऊक नाही? संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. विसोबा चाटीने कुंभारांना ताकीद दिली, खापर द्यायचं नाही. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. पुढे विसोबाला पश्चात्ताप झाला आणि तो नामदेवांचा गुरू विसोबा खेचर झाला. त्या कथेतला चमत्कार मला लहानपणापासून पाठ होता. त्यातली भांड्याची अडचण मात्र त्या दिवशी कळली. गावात खापर नव्हतं असं नाही. गावाला ते द्यायचं नव्हतं.

माईंच्या परसात चूल पेटली. हिचा पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा अर्धा खापरावर आणि अर्धा जाळात गेला. तिसऱ्याला मध्ये एक भोक पडलं. माई म्हणाल्या, त्यातून इंद्रायणी दिसतीय. चौथा जमला. तो हिने माईंच्या ताटात वाढला आणि मग ही रडली, बहुधा धुरामुळे. डोळे पुसून म्हणाली, "मुक्ताबाई शेवटी आमच्या तापीकाठी मेहूणला आली म्हणतात. मी तिकडून इकडे आले. फिटंफाट झाली." त्यावर माई इतक्या हसल्या, की पाचवा मांडा करपला.

१९८६ साली आम्ही पुण्याला आलो. खापर त्या गडबडीत फुटलं. पातेलं मात्र निघायच्या दिवशी नेमकं आमच्या फेरीत होतं. परत द्यायला गेलो तर माई म्हणाल्या, "मोकळं देतीस व्हय?" सामान टेम्पोत, हिच्याजवळ घालायला काही नव्हतं. "मग भरून आणशील तवा आण." आम्ही भरून नेत राहिलो आणि त्या भरून परत देत राहिल्या. माई गेल्या तेव्हाही पातेलं आमच्याकडेच होतं. आमच्या घरात नाव घातलेलं भांडं हे एवढंच, आणि त्याच्यावरच्या गृहस्थांना आम्ही कधी पाहिलेलं नाही.

नातवाच्या सामानात हिने ते पातेलं घातलं. म्हणाली, "आळंदीचं आहे, आळंदीला जाऊ दे."

रविवारी तो गेला. रात्री दहाला फोन. मागून दोन इंजिनियरांचा आरडाओरडा.

"आजोबा, दूध वर आलंय! पातेलं कशाने धरायचं?"

मी ओट्याकडे पाहिलं. सांडशी आमच्याच ओट्यावर राहिली होती. यादीत पहिली, पिशवीत नाही. माणूस सुधारत नाही हेच खरं.

"आधी शेगडी बंद कर. आणि समोरचं दार वाजव."

"पण आम्ही त्यांना ओळखत नाही!"

"म्हणूनच वाजव."

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. पातेल्यात शिरा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'समोरच्या काकूंनी दिला. पातेलं आता धुऊन ठेवलंय.'

मी ताबडतोब कळवलं, "रिकामं परत देऊ नकोस."

त्याचं उत्तर आलं, "भांडं तर आपलंच आहे ना आजोबा?"

त्यावर हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या शाळामास्तरणीच्या ठसक्यात लिहिलं, "चूक. पुन्हा वाच. काठावर कोणाचं नाव आहे?"